जीना हाऊस पाडू नका, उघडा

मलबार हिलवर, मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्याच्या अगदी जवळ, माउंट प्लेझंट रोडला (आता भाऊसाहेब हिरे मार्ग) झाडांच्या गर्दीत एक बंगला आहे. जीना हाऊस. विषय निघाला की घरात हमखास वाद होतो, आमच्याकडे तर होतोच!

बॅरिस्टर जीनांनी तो १९३६ च्या सुमारास बांधून घेतला. आर्किटेक्ट होते क्लॉड बॅटली, जे.जे.मध्ये शिकवणारे. युरोपियन थाटाच्या कमानी, खांब, इटालियन संगमरवर, अक्रोडाच्या लाकडाचं काम. मालक हौशी होता, यात शंका नाही. घरावर जीव इतका, की पाकिस्तान झाल्यावरही ते एखाद्या युरोपियन कुटुंबाला भाड्याने द्यावं असा निरोप त्यांनी नेहरूंकडे पाठवला होता. ज्या माणसाने देश वाटून घेतला त्याला स्वतःचं घर मात्र सोडवेना... असो.

मला त्या संगमरवरापेक्षा १९४४ चा सप्टेंबर महत्त्वाचा वाटतो. ९ तारखेपासून जवळजवळ अडीच आठवडे गांधीजी जवळच्याच बिर्ला हाऊसमधून इथे येत होते. दोन म्हातारे गुजराती (दोघांचीही मुळं काठियावाडातली!) समोरासमोर बसून बोलले, पत्रं लिहिली, आणि शेवटी काहीच जमलं नाही.

पुढे तिथे ब्रिटिश उपउच्चायुक्त राहत. १९८० नंतर ते गेले आणि मग बंगल्याला कुलूप. पाकिस्तानला तो वकिलातीसाठी हवा होता, जीनांच्या मुलीने, दीना वाडियांनी, २००७ मध्ये हायकोर्टात दावा लावला. २०१७ मध्ये एका आमदाराने तो पाडून सांस्कृतिक केंद्र करा म्हटलं. २०१८ मध्ये तो परराष्ट्र खात्याकडे द्यायचं ठरलं, दिल्लीच्या हैदराबाद हाऊससारखा वापरायला.

पाडा म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो. मी भिवंडीचा. १९७० आणि १९८४ च्या दंगली आमच्या गावाने सोसल्यात, फाळणीची जखम किती खोल गेली ते आम्हाला कोणी सांगायला नको. पण घर पाडून ती भरायची कशी? आणि परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्यांसाठी ठेवलं, तरी आपल्याला फाटकाबाहेरूनच बघायचं ना?

त्यापेक्षा निदान बोलणी झाली तो भाग लोकांना उघडा करा. दोन खुर्च्या ठेवा, त्या दिवसांतली दोघांची पत्रं मराठीत लावा. वीस रुपये तिकीट ठेवा हवं तर. आमच्या भिवंडीच्या शाळांच्या सहली राणीच्या बागेला जातातच, तिथून एक बस इकडेही वळेल.