एमडी नव्हे, डीओ

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलीने ऑस्टिओपॅथिक कॉलेजला अर्ज केला, की ‘एमडीला नंबर लागला नाही वाटतं’ अशी कुजबुज होते. तिथले जवळपास पाव वैद्यकीय विद्यार्थी आज याच कॉलेजांत शिकतात. डीओ पदवीधर औषधे देतात, शस्त्रक्रिया करतात. स्नायू-सांध्यांवर हाताने करायचे उपचार जादा शिकतात. (युरोपातला ऑस्टिओपॅथ मात्र सहसा डॉक्टर नसतो.) प्रवेशाची एमकॅट तीच. २०२० पासून निवासी डॉक्टरांच्या जागांसाठीची व्यवस्थाही एकच आहे. अडचण आहे ती वेगळीच. डीओंची परवाना परीक्षा कॉमलेक्स. पण चुरशीच्या शाखांसाठी अनेक जण यूएसएमएलईही देतात. अभ्यास दोन्हींचा, शुल्कही दोन्हींचे. त्यामुळे कॉलेज निवडताना तिथले विद्यार्थी पुढे कोणत्या शाखांत गेले, हे आधी विचारावे.