शेवयांचं झाड

मुलांनो, आज आपण टीव्ही बघायला जाऊ या. पण आपल्या घरातला नाही हं! जायचंय थेट इंग्लंडला. तारीख १ एप्रिल १९५७, वार सोमवार.

हा बघा, दिवाणखान्यात लाकडी खोक्यासारखा टीव्ही आहे. बटण दाबलं तरी चित्र लगेच येत नाही. आतल्या काचेच्या नळ्या आधी तापाव्या लागतात. मग हळूहळू चित्र उमटतं, तेही काळं-पांढरं. रंगीत कार्यक्रम तिथे सुरू झाले १९६७ साली, म्हणजे अजून दहा वर्षं थांबा! वाहिन्या किती? एक बीबीसी आणि काही भागांत आयटीव्ही. झाली यादी. आपण बीबीसी लावू.

दुपारी छोट्यांसाठी ‘वॉच विथ मदर’ असतो. आईच्या शेजारी बसून बघायचा कार्यक्रम. सोमवारी त्यात ‘पिक्चर बुक’, तर मंगळवारी दोऱ्यांवर नाचणारा बाहुला अँडी पँडी. मधे वेळ उरला तर काय करायचं? बीबीसीवर जाहिराती नसतातच. मग फिरत्या चाकावर कुंभार मडकं घडवतोय, असं छोटंसं चित्रण दाखवतात. गंमत म्हणजे ते मडकं कधी पूर्ण होतच नाही!

संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम. पुढची गोष्ट आईबाबांना फार आवडेल. फेब्रुवारी १९५७ पर्यंत तिथे रोज सहा ते सात टीव्ही चक्क बंद असायचा. का? तर छोट्यांना झोपवता यावं आणि मोठ्यांनी अभ्यासाला बसावं म्हणून! नुकतीच ही सुट्टी रद्द झालीय आणि त्या वेळेत ‘टुनाइट’ हा नवा कार्यक्रम लागतो.

रात्री लागतो ‘पॅनोरमा’. देशोदेशीच्या घडामोडी सांगणारा गंभीर कार्यक्रम. सांगणारे रिचर्ड डिम्बल्बी. १९५३ साली राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक टीव्हीवर दाखवला, तेव्हा लोकांनी ऐकला तो यांचाच आवाज. त्यांच्यावर सगळ्यांचा भारी विश्वास.

आज ते काय सांगताहेत ऐका. यंदा स्वित्झर्लंडमध्ये हिवाळा सौम्य होता, त्यामुळे स्पॅगेटीचं पीक चांगलं आलंय! स्पॅगेटी म्हणजे इटलीतल्या पिठाच्या शेवयाच म्हणा ना. पडद्यावर झाडं दिसतात. फांद्यांवरून लांब लांब शेवया लोंबताहेत. बायका त्या तोडून टोपल्यांत भरताहेत, उन्हात वाळत घालताहेत. सगळ्या शेवया एकसारख्या लांबीच्या कशा? तर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेऊन तसं वाण तयार केलं!

लोकांनी बीबीसीला फोनवर फोन केले. काहींना राग आला होता. काहींच्या घरात वादच पेटला होता, की स्पॅगेटी पिठाची की झाडाची? काहींनी तर विचारलं, “हे झाड आमच्याकडे कसं लावायचं?” त्यांना म्हणे उत्तर मिळालं, की टोमॅटोच्या रसाच्या डब्यात एक काडी खोचून ठेवा आणि बघा काय होतं ते!

तारीख आठवली ना? एप्रिल फूल! छायाचित्रकार चार्ल्स डी येगर यांनी सुमारे नऊ किलो स्पॅगेटी झाडांना टांगून हे चित्रण केलं होतं. ही कल्पना त्यांना कशी सुचली माहितेय? लहानपणी व्हिएन्नाच्या शाळेत त्यांचे एक मास्तर म्हणायचे, तुम्ही इतके बावळट आहात, की स्पॅगेटी झाडाला लागते म्हटलं तरी खरं मानाल.

ते वाचून मी हसले नाही, ओशाळले. कारण माझ्या वर्गातही असंच झालं होतं. एका मुलाने विचारलं, “बाई, साबुदाण्याचं झाड केवढं असतं?” वर्ग खो खो हसला. खरं सांगते, मीही हसले. पुढे कितीतरी दिवस त्याचा हात वर झाला नाही.

मग एकदा मी हसणाऱ्यांनाच विचारलं, “साबुदाणा कशाचा करतात?” सगळे गप्प! आपल्याकडे तो टॅपिओका नावाच्या झुडपाच्या कंदापासून करतात. म्हणजे झाड आहेच, फक्त दाणे झाडाला लागत नाहीत. त्याचा प्रश्न मुळीच वेडा नव्हता. मी वर्गासमोर त्याला ‘माझं चुकलं’ म्हटलं.

त्या रात्री ब्रिटनमध्ये बहुतेकांनी स्पॅगेटी कशी करतात ते कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा तिथे ती रोजच्या जेवणात नसे. आवाज ओळखीचा, चित्र डोळ्यांसमोर, मग शंका कशी येणार? तरीही ज्यांनी फोन उचलून विचारलं, ते बावळट नव्हते. विचारलं म्हणूनच तर त्यांना कळलं!

रात्री कार्यक्रम संपले, की राष्ट्रगीत वाजतं. टीव्ही बंद केला, की चित्र आक्रसत पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका होतो आणि तोही विझतो. चला, आता घरी परत!

आणि हो, या आठवड्याचं काम. टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलेली एक नवलाची गोष्ट वहीत लिहा. ती खरी आहे का, हे निदान दोन ठिकाणी तपासा. एक पुस्तक आणि एक जाणकार माणूस. आईबाबा, मुलांनी तुम्हाला विचारलं, तर एवढंच करा. हसू नका. उत्तर येत नसेल तर म्हणा, “चल, दोघं मिळून शोधू.”