समुद्राच्या तळाची साक्ष

घरात शाळेत जाणाऱ्या मुलांचे नकाशांचे पुस्तक असेल, तर वाचकांनी ते क्षणभर मागून घ्यावे आणि आफ्रिका व दक्षिण अमेरिका या दोन खंडांचे समोरासमोरचे किनारे न्याहाळावेत. ब्राझीलचा पुढे आलेला कोपरा आफ्रिकेच्या कुशीत नेमका बसेल, असे कोणासही वाटेल. अँटवर्पचे नकाशाकार ऑर्टेलियस यांना ते १५९६ सालीच वाटले, आणि अमेरिका ही युरोप-आफ्रिकेपासून तुटून गेली असावी असे त्यांनी लिहूनही ठेवले. परंतु वाटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये सुमारे पावणेचारशे वर्षे गेली.

पुराव्यांनिशी हा विचार मांडला तो आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञांनी, १९१२ साली. नुसत्या किनाऱ्यांच्या साम्यावर ते विसंबले नाहीत; त्यांनी दगडांतील अवशेष पुढे केले. ग्लॉसोप्टेरिस नावाची एक वनस्पती कोट्यवधी वर्षांपूर्वी होऊन गेली. तिचे पान जिभेच्या आकाराचे. त्या पानाचे ठसे आपल्याकडे नागपूरजवळच्या कामठीच्या दगडांत मिळतात, आणि दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही मिळतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. भुकेने व थंडीने जर्जर झाले असताही त्या माणसांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांतही हेच पान होते! एवढे समुद्र ओलांडून एकच झाड इतक्या ठिकाणी कसे रुजावे? आणि ओडिशातील तालचेर येथे, जेथे आज उन्हाळा सोसवत नाही, तेथे बर्फाने वाहून आणलेले दगडगोटे कसे असावेत? या प्राचीन दक्षिणखंडास विद्वानांनी नाव दिले तेही आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून, गोंडवन.

तथापि वेगेनर यांचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. खंड सरकतात हे खरे धरले, तरी त्यांना ढकलतो कोण, असा प्रश्न पुढे आला. वेगेनर यांनी सुचविलेली बळे या कामी फारच अपुरी आहेत, असे गणिताने दाखविण्यात आले. हा आक्षेप अन्यायाचा नव्हता, असे आमचे मत आहे. मात्र कारण ठाऊक नाही म्हणून घटनाच घडली नाही, असे म्हणणे सयुक्तिक नव्हे. आणि त्यांची जी हेटाळणी झाली तिचे समर्थन तर करताच येत नाही. वयाची पन्नास वर्षे नुकतीच पूर्ण झाली असता, नोव्हेंबर १९३० मध्ये, ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचे देहावसान झाले.

पुढे एक नवा साक्षीदार मिळाला, तो आपल्या पायाखालचा काळा दगड. बेळगाव, इंदूर, बडोद्याजवळचा पावागड आणि उत्तर सह्याद्रीचा माथा ज्या कातळाचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने भूमीतून वर आला. त्या रसात लोहयुक्त कण असतात. रस थिजताना ते होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या रोखाने स्थिर होतात आणि तसेच राहतात. यात मौज अशी की, मोकळी टांगलेली चुंबकसुई केवळ उत्तर-दक्षिण दाखवीत नाही, ती कलतेही. विषुववृत्तापाशी ती आडवी राहते, ध्रुवाकडे जावे तसतशी उभी होत जाते. म्हणजे दगड कोणत्या अक्षांशावर थिजला, याची नोंद त्याच्याच पोटात असते. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स या संशोधकांनी आपल्या दख्खनच्या दगडाची ही नोंद वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली. ती आजच्या जागेशी मुळीच जुळेना. हा कातळ थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या पुष्कळ खाली, दक्षिण गोलार्धात होती!

राहिला ढकलण्याचा प्रश्न. त्याचे उत्तर समुद्राच्या तळाशी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सागरतळाची खोली मोजून नकाशे होऊ लागले. अटलांटिकच्या मधोमध पर्वतांची रांग आहे व तिच्या माथ्यावर लांबच लांब भेग आहे, हे मेरी थार्प या विदुषींच्या ध्यानात आले. त्यांच्या सहकाऱ्याने प्रथम ती बायकी बडबड म्हणून झटकून टाकली. पुढे त्याला ते मान्य करावे लागले. अशीच एक बुडालेली पर्वतरांग आपल्या अरबी समुद्रात, गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर नैर्ऋत्येस आहे. तिला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात. १९६२ साली ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने तिच्यावरून फिरून चुंबकत्वाची मोजणी केली, आणि केंब्रिजच्या व्हाइन व मॅथ्यूज यांनी १९६३ साली तिचा अर्थ लावला. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटते. असा शेवटचा पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाला. भेगेतून लाव्हारस वर येतो, थिजतो, दुभंगतो आणि दोन्ही बाजूंस सरकतो. मागून नवा रस येतो. त्यामुळे सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे रांगेच्या दोहों अंगांस, लुगड्याच्या दोन काठांसारखे, सारखेच उमटले पाहिजेत. पुढील दोन-तीन वर्षांत इतर समुद्रांतही ते तसेच आढळले, तेव्हा विरोधकांचा नाइलाज झाला.

यावरून वेगेनर यांची एक चूकही उमगली. खंड समुद्रतळ नांगरीत जात नाहीत. जमीन आणि सागरतळ मिळून झालेले प्रचंड भूपट्ट सरकतात आणि खंड त्यांवर तराफ्यावरील ओझ्यासारखे वाहून नेले जातात. या पट्टांच्या जुन्या, थंड व जड झालेल्या कडा खोल सागरी गर्तांतून पृथ्वीच्या पोटात बुडतात आणि मागचा भाग ओढून नेतात.

आपला भूपट्ट असाच उत्तरेस येऊन सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडला. मधल्या समुद्राचा गाळ उचलला जाऊन हिमालयात गेला; हिंदू शेजाऱ्यांच्या देवघरांतील शाळिग्राम म्हणजे बहुधा त्या समुद्रातील प्राण्यांचे दगड झालेले शंखच होत. ही वाटचाल थांबलेली नाही. हैदराबाद व बंगळूर येथील उपकरणे उपग्रहांच्या साहाय्याने ती मोजतात. वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर. या रेट्याचा ताण पट्टाच्या कडेवरच नव्हे, तर आतल्या जुन्या भेगांवरही पडतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीस झालेला भूकंप त्याच ताणाने झाला, असे जाणकार मानतात. जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. घरांच्या भिंती मातीत रचलेल्या जड दगडांच्या होत्या, आणि माणसे झोपेत होती.