घामाचा जमाखर्च

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला हल्ली दोन वह्या ठेवाव्या लागतात. एक खाल्ल्याची आणि दुसरी चालल्याची. वह्या म्हणजे अर्थात फोनमधल्या. सकाळी पोहे खाल्ले की नोंद, संध्याकाळी तासभर फिरून आलं की पुन्हा नोंद. आणि फोनही उदार! लगेच सांगतो, "आज तुम्ही ३३० कॅलरी जाळल्यात, आता तेवढं आणखी खायला हरकत नाही." मंडळाच्या पॉटलकला कुणीतरी हमखास विचारतंच, की या जाळलेल्या कॅलरी खात्यात जमा धरायच्या की नाही? श्रीखंडाच्या पातेल्याजवळ उभं राहून विचारलं तर उत्तर "धरायच्या" असंच येणार. तेव्हा मंडळी, जरा पातेल्यापासून दूर जाऊन, कागद-पेन्सिल घेऊन पाहू या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. व्यायाम जरूर लिहावा, पण मिनिटांत किंवा मैलांत. त्याच्या कॅलरी करून जेवणाच्या खात्यात जमा करू नयेत. का, ते आता आकड्यांत.

समजा आपल्यातलेच एक गृहस्थ आहेत. वय ४५, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७५ किलो, काम दिवसभर कॉम्प्युटरपुढे. मिफलिन-सेंट जॉर हे १९९० साली प्रसिद्ध झालेलं सूत्र वापरलं, तर नुसतं पडून राहायला त्यांच्या शरीराला दिवसाला सुमारे १५६० कॅलरी लागतात. बैठ्या माणसासाठी याला १.२ ने गुणतात, म्हणजे झाल्या १८७०. "थोडाफार व्यायाम" असा पर्याय निवडला तर १.३७५ ने गुणतात, म्हणजे २१४५. गृहस्थ आठवड्यातून पाच दिवस तासभर चालतात, म्हणून त्यांनी दुसरा पर्याय निवडला. रोज ५०० कॅलरींची तूट हवी, म्हणून जेवणाची मर्यादा ठरली १६४५. इथपर्यंत सगळं ठीक.

आता ते चालून येतात. ताशी ५ किलोमीटरच्या चालीने ७५ किलोच्या माणसाचे तासाला सुमारे २६० कॅलरी खर्च होतात. पण त्या तासात ते सोफ्यावर बसले असते तरी ७५ एक कॅलरी गेल्याच असत्या, आणि त्या रोजच्या हिशेबात आधीच धरलेल्या आहेत. म्हणजे चालण्याची खरी जादा कमाई १८५ च्या आसपास. घड्याळ मात्र दाखवतं ३३०. गृहस्थ इमानदारीने ३३० जास्त खातात. एकूण खाणं झालं १९७५. त्या दिवसाचा खरा खर्च १८७० अधिक १८५, म्हणजे २०५५. राहिली तूट ८० कॅलरींची! न चालण्याच्या दोन दिवशी ती २२५ राहते. आठवड्याला ३५०० कॅलरींची तूट होईल असं वाटत होतं, प्रत्यक्षात झाली साधारण ८५०.

पाहिलंत? एकच चालणं तीनदा मोजलं गेलं. एकदा १.३७५ मध्ये, एकदा घड्याळात, आणि बसल्या जागीच्या खर्चाची भर पडली ती वेगळीच. बँकेत एकच चेक दोनदा वटत नाही, इथे मात्र बिनदिक्कत वटतो.

घड्याळाचा आकडा मी मुद्दाम फुगवला असं कुणाला वाटेल. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावर बांधायची सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणाचीही चूक सरासरी २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के! यात नवल नाही. १८९० च्या दशकात विल्बर ॲटवॉटर यांनी कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला माणसाचा ऊर्जाखर्च नीट मोजला, तेव्हा त्यांना एका बंदिस्त लहानशा खोलीत माणसाला काही दिवस ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजावी लागली होती. घड्याळाला बिचाऱ्याला फक्त मनगट दिसतं. बाकी सगळा अंदाज.

बरं, खाण्याच्या वहीचं काय? तिथेही आनंदच आहे. अमेरिकेत लेबलावरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष कॅलरी २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी ते नियमात बसतं. आपल्या आमटीला तर लेबलच नसतं. फोडणीचं तेल हाताच्या अंदाजाने पडतं आणि एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरी. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, काही केल्या वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांचा अभ्यास झाला. ते आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटं बोलत नव्हते हो, तसं त्यांना मनापासून वाटत होतं. तेव्हा आपल्या गृहस्थांची ती ८० कॅलरींची तूट एका चमच्याच्या फोडणीत केव्हाच विरघळली.

शिवाय शरीरही काही साधा कारकून नाही. मानवशास्त्रज्ञ हर्मन पॉन्त्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाद्झा या शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. ते दिवसभर मैलोनमैल चालतात. तरीही शरीराच्या आकारमानाचा फरक वजा केल्यावर त्यांचा एकूण खर्च शहरी पाश्चात्त्यांएवढाच निघाला. हे २०१२ सालचं संशोधन. शरीर एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे काटकसर करतं, असा त्याचा अर्थ ते लावतात. ही काटकसर किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण चालण्याचे सगळे पैसे रोख हातात पडत नाहीत, एवढं धरून चालावं.

आता कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? दोन-तीनशे कॅलरींचा तर प्रश्न! प्रश्न त्याहून मोठा आहे. हे गृहस्थ तीन महिने चालतात, काटा हलत नाही, आणि मग ते म्हणतात, "व्यायामाने काही होत नाही." ट्रेडमिल बेसमेंटमध्ये कपडे वाळवायला लागते. चूक हिशेबाची असते, शिक्षा होते चालण्याला. आणि आपल्या लोकांना ते परवडणारं नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त, ही आपली जात. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांना २५ ऐवजी २३ च्या इंडेक्सपासूनच मधुमेहाची तपासणी सुचवली आहे. आपले गृहस्थ आहेत २७.५ वर. मागच्या पिढीतल्या कुणाच्या तरी औषधाच्या डब्या आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या आहेत. वेगळं सांगायला नको.

आणि इथेच चालण्याचं खरं मोल आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपुढे वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य ठेवलं होतं. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चाललेले स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, रक्तदाब उतरतो, झोप सुधारते. काटा हलो न हलो, हे होतंच. शिवाय उतरलेलं वजन परत न येऊ देण्यात व्यायामाची मदत मोठी. अशा कामाची मजुरी आपण गुलाबजामात का घ्यावी?

तर करायचं काय? वही ठेवा, पण दोन वेगळे रकाने करा. एकात जेवण, कॅलरीत. दुसऱ्यात व्यायाम, मिनिटांत. दोघांची बेरीज-वजाबाकी नाही. मर्यादा ठरवताना व्यायाम एकदा धरला असेल, तर पुन्हा धरायचा नाही. आपले गृहस्थ १६४५ वरच थांबले असते, तर आठवड्याची तूट ८५० ऐवजी सुमारे २५०० झाली असती. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा. चार आठवड्यांत ती हलली नाही, तर मर्यादा १०० ते १५० ने उतरवा. फार भरभर उतरू लागली किंवा गळून गेल्यासारखं वाटलं, तर वाढवा. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत हे फीडबॅक. मोजमापं कच्ची असली तरी शेवटचं उत्तर काटा देतो.

याला अपवाद आहेत. हाफ मॅरॅथॉनची तयारी करणाऱ्याने लांब पळण्याच्या दिवशी जास्त खाल्लंच पाहिजे. घड्याळाच्या आकड्याच्या निम्मं धरलं तर सुरुवातीला पुरे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी माझं न ऐकता डॉक्टरांचं ऐकावं. आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींना या वह्यांत मुळीच ओढू नये. त्यांना नुसतं खेळायला पाठवावं, जमलं तर आपणही सोबत जावं.

पुढच्या अंकात दुकानातल्या डब्यांवरची लेबलं कशी वाचायची ते पाहू. विशेषतः "एक सर्व्हिंग" नावाची गंमत. तोपर्यंत चालत राहा, आणि चालल्याची मिनिटं लिहीत राहा.