चौक कोणाचा?

मैत्रिणींनो, गेल्या शिबिरात एका भाषणात ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायोमधल्या आयांची गोष्ट सांगितली गेली. शेवटचं वाक्य होतं, "आईच्या मायेपुढे लष्करसुद्धा झुकतं!" टाळ्या पडल्या. माझे हात उठले नाहीत. ही गोष्ट अशी सांगणं म्हणजे त्या बायकांकडून तो चौक पुन्हा काढून घेणं आहे.

आधी चौक कोणाचा होता ते पाहू. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७३ साली वसाहतींसाठी नगररचनेचे नियम काढले. आखणी चौकापासून करायची. चौकाची लांबी रुंदीच्या किमान दीडपट हवी, कारण तिथे घोड्यांचे उत्सव व्हायचे. घोड्यावर कोण बसणार, हे सांगायला नको! १५८० साली हुआन दे गारायने केरांदी लोकांच्या मुलखात हे शहर वसवलं, तेव्हा न्यायाचा खांब रोवला. ही सत्तेची आणि शिक्षेची खूण. चौकाभोवती किल्ला, चर्च आणि काबिल्दो, म्हणजे नगरसभेची कचेरी. जमिनी वाटल्या त्यात बाई एकच, आना दियास. २२ मे १८१० रोजी स्पेनच्या व्हाइसरॉयचं काय करायचं हे ठरवायला काबिल्दोत मोठी सभा भरली. तिथे एकही बाई नव्हती. १८११ मध्ये क्रांतीचा स्तंभ उभा राहिला. १८५६ मध्ये त्याच्या टोकावर 'स्वातंत्र्य' चढवलं, ते मात्र बाईच्या रूपात! पुतळ्यातली बाई चौकात चालते. ती प्रश्न विचारत नाही.

१९७६ साली लष्कराने सत्ता बळकावली. माणसं घरातून उचलली गेली. मानवी हक्क संघटनांच्या मते ३०,०००. ३० एप्रिल १९७७ रोजी १४ बायका मुलांचा पत्ता विचारायला चौकात आल्या. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. त्या दोघी-दोघींनी स्तंभाभोवती चालू लागल्या आणि मग दर गुरुवारी चालत राहिल्या. एकमेकींची ओळख पटावी म्हणून बाळांचे लंगोट डोक्याला बांधले. लष्कराने त्यांना वेड्या ठरवलं.

लष्कर मायेपुढे झुकलं का? डिसेंबर १९७७ मध्ये संघटनेच्या एक संस्थापक अझुसेना व्हियाफ्लोर आणि आणखी दोघींना पळवून नेलं आणि विमानातून समुद्रात फेकलं. तरीही बाकीच्या गुरुवारी आल्याच. १९८३ मध्ये लष्करी राजवट गेली, त्यामागे फॉकलंड युद्धातली हार होती, बुडालेली अर्थव्यवस्था होती आणि लोकांचा रेटाही होता. पुढे गुन्हेगारांना वाचवणारे कायदे झाले. ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द ठरवले. म्हणजे आणखी वीसेक वर्षांची चिकाटी. मधे १९८६ मध्ये या बायकांची संघटना फुटली. मायेत कसली फूट? फूट राजकारणात पडते.

'माया' म्हटलं की बाईला मखरात बसवता येतं. तिची संघटना, तिचे मतभेद, तिने ओढवून घेतलेला धोका हे सगळं मग सांगावं लागत नाही. आणि जी आई नाही, तिला चौकात जागा आहे की नाही, हा प्रश्नही टळतो.

अझुसेनाच्या अवशेषांची ओळख २००५ मध्ये पटली. त्यांच्या अस्थी त्याच स्तंभाच्या पायथ्याशी पुरल्या आहेत. वर पुतळ्यातली बाई, खाली प्रश्न विचारणारी. पुढच्या शिबिरात गोष्ट सांगताना आपण खालच्या बाईपासून सुरुवात करू या.