घरी शिकणाऱ्यांची बारावी आणि पुढचा प्रवेश

गृहशिक्षण, म्हणजे मुलाने रोज शाळेत न जाता आईवडिलांच्या देखरेखीखाली घरीच अभ्यास करणे, ही पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांची गोष्ट समजली जाते. परंतु महाविद्यालयीन प्रवेशाची वेळ येते तेव्हा या मुलांपुढील अडचणी आणि गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यांत मध्येच शाळा सुटून शेती वा घरकाम सांभाळत अभ्यास करणाऱ्या मुलांच्या अडचणी जवळजवळ सारख्याच असतात. या दोन्ही प्रकारच्या मुलांना प्रवेश परीक्षेपेक्षा त्या परीक्षेपर्यंत पोहोचवणारी कागदपत्रे अधिक अडवतात, आणि त्यांची तजवीज बारावीत नव्हे, तर दहावीचा अर्ज भरतानाच करावी लागते, ही बाब पालकांपर्यंत वेळेत पोहोचत नाही.

राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे एमएचटी-सीईटी, ही अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी अभ्यासक्रमांसाठी होते. तिचे 200 गुण असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि बहुतांश प्रश्न बारावीच्या व काही अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. घरी नेटाने अभ्यास करणाऱ्या मुलाला ती अवघड असण्याचे कारण नाही. मात्र अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीत ठरावीक विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के गुण लागतात, तर वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’साठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून 50 टक्के, म्हणजे मान्यताप्राप्त मंडळाची बारावी सुटत नाही. मुंबईच्या मालविका जोशी हिने घरी शिकून आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि 2016 मध्ये तिला अमेरिकेतील एमआयटीने प्रवेश दिला, परंतु बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने भारतातील आयआयटीचे दार तिला बंद होते. तिच्या यशाच्या बातम्या पुष्कळ छापून आल्या, पण त्यातली ही दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे.

ही बारावी घरी राहून देण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला राज्य मंडळाचा फॉर्म नंबर 17, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज, ज्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला, म्हणजे टीसी, लागतो आणि तो हरवला असल्यास दुसरी प्रत व प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. गोंदियाचे अर्ज नागपूर विभागीय मंडळाच्या अखत्यारीत येतात. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचा, ज्यात परीक्षा वर्षातून दोनदा होते, विषय एकेक करून सोडवता येतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. जिचा पावसाळा रोवणीत आणि दिवाळीच्या सुमाराचा काळ धानाच्या कापणीत जातो, अशा मुलीला ही सवड फार मोलाची आहे. जेईई मेनसाठी मात्र मुक्त विद्यालयाची बारावी किमान पाच विषयांसह झालेली असावी लागते, हे विषय निवडतानाच लक्षात ठेवावे. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशाला अपात्र ठरवणारा जुना नियम दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केला, त्यामुळे ‘नीट’चा मार्गही त्यांना मोकळा आहे.

गोंदियाच्या बाबतीत एक धोका मात्र वेगळा सांगितला पाहिजे, कारण या जिल्ह्याच्या एका बाजूला मध्य प्रदेशातील बालाघाट आहे आणि दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. सोयीचे म्हणून एखाद्या कुटुंबाने मुक्त विद्यालयाचे अभ्यासकेंद्र सीमेपलीकडचे निवडले, तर वैद्यकीय प्रवेशातील 85 टक्के राज्य कोट्याला ते मूल मुकू शकते. या कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी व बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेली असावी, ही अट आहे आणि तिचे अपवाद मोजकेच आहेत. 2016 पासून गोंदियातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असताना केवळ केंद्राच्या पत्त्यापायी ते हुकावे, यासारखे दुर्दैव नाही. आरक्षित प्रवर्गातील मुलांना याखेरीज जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी वडील-आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा शोधावा लागतो; स्वतः मूल शाळेत थोडेच शिकलेले असेल, तर या जुन्या नोंदींचा आधार आणखीच महत्त्वाचा ठरतो.

विज्ञान शाखेत आणखी एक उणीव घरी भरून निघत नाही, ती प्रयोगशाळेची. ब्युरेटमधून आम्ल थेंबाथेंबाने सोडताना फेनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला उडतो, हे पुस्तकात शंभरदा वाचले तरी हाताला कळत नाही, आणि मुक्त विद्यालयाच्या रसायनशास्त्रातही प्रात्यक्षिक परीक्षा असतेच. गोंदिया शहरात जुनी, सुसज्ज विज्ञान महाविद्यालये आहेत. त्यांच्या प्रयोगशाळा रविवारी वा उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा मुलांसाठी माफक शुल्कात उघडता येतील, आणि जिल्हा शिक्षण विभागाने मनावर घेतले तर त्याला फारसा खर्चही येणार नाही.

ज्यांना बारावी विज्ञानाचा हा सगळा खटाटोप झेपणार नाही, त्यांच्यासाठी दहावीच्या गुणांवर मिळणारी तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका हा चांगला रस्ता आहे, कारण तिच्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. कला व वाणिज्य शाखांच्या पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्यांचेच विद्यापीठ राहिले आहे. यांपैकी कोणताही रस्ता धरला, तरी अधिवास, जात आणि जन्मतारखेची कागदपत्रे दहावीच्या वर्षीच तहसील कार्यालयातून आणि जुन्या शाळेतून काढून ठेवावीत, कारण निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि प्रवेशफेरीची तारीख कोणासाठी थांबत नाही.