उन्हाळी शिबिराला प्रयोगाची घाई नको

परीक्षा आटोपल्या की नाशिकमध्ये उन्हाळी नाट्यशिबिरांची पत्रके फिरू लागतात. समारोपाला रंगमंचावर प्रत्यक्ष प्रयोग होईल, हे त्यांतले मोठे आकर्षण. माझ्या मते या आश्वासनापायीच शिबिर वाया जाते. सुरुवातीचे काही दिवस श्वास, आवाज, देहबोली यांत बरे जातात. मग संहिता ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि उरलेले सारे दिवस पाठांतर, हालचाली, कपडे आणि पार्श्वसंगीत खाऊन टाकतात. मोठी भूमिका मिळालेल्या दोघा-तिघांवर मेहनत होते, बाकीचे घोळक्यात उभे राहतात. शिकवायला आलेला माणूस दिग्दर्शक होऊन बसतो. त्याला प्रयोगाची लाज राखायची असते, म्हणून तो वाक्य स्वतः म्हणून दाखवतो आणि मूल ते तसेच्या तसे उचलते.

हे सुटीतच का टाळायचे, याचे उत्तर विद्यार्थी नटाच्या वर्षभराच्या वेळापत्रकात आहे. महाविद्यालये सुरू झाली की एकांकिका स्पर्धांचा हंगाम येतो. 1963 पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडकाने आणि त्याच्या वाटेने आलेल्या इतर स्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती नट-लेखक दिले, हे वेगळे सांगायला नको. पुढे हौशी संघांची राज्य नाट्य स्पर्धा येते. या महिन्यांत प्रत्येक तालमीच्या टोकाला परीक्षक बसलेला असतो, त्यामुळे जे हमखास जमते तेच नट पुन्हा पुन्हा करतो. विनोद जमणारा विनोदच करतो, रडता येणारी रडतेच. न जमणारे करून पाहण्याची, चुकण्याची मोकळीक फक्त उन्हाळ्यात असते. नाट्यशास्त्राची पदवी घ्यायला पुण्या-मुंबईला जाणे प्रत्येकाला परवडत नाही. वाणिज्य किंवा अभियांत्रिकी शिकता शिकता नाटक करणाऱ्या मुलामुलींना पद्धतशीर शिक्षण मिळण्याची हीच काय ती जागा. तिथेही आणखी एक प्रयोगच बसवायचा असेल, तर शिकायचे कधी?

काय शिकायचे, याचे साहित्य नाशिकच्या घरातच आहे. नाशिकच्याच शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग डिसेंबर 1970 मध्ये झाला, तेव्हा त्याचा नायक बेलवलकर उभा करणारे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाच्या डॉक्टरकीचा पेशा सोडून पूर्णवेळ नट झाले होते आणि त्यांच्या गाठीशी हौशी रंगभूमीवरची कित्येक वर्षांची मेहनत होती. बेलवलकरांच्या स्वगतांत एक विचार दुसऱ्यावर चढत जातो. श्वास अर्थाप्रमाणे घेतला नाही, तर वाक्य मध्येच कोसळते. विसाव्या वर्षी हे स्वगत प्रयोगासाठी हातात आले की विद्यार्थी ऐकलेल्या लागूंची नक्कल करतो, कारण तेवढ्या दिवसांत दुसरे काही शक्यच नसते. तेच स्वगत केवळ अभ्यासाला दिले, तर विचार कुठे वळतो, कुठे थांबायचे, कोणता शब्द उचलायचा, यावर आठवडा सहज जाईल. कानेटकरांचेही तसेच. 'रायगडाला जेव्हा जाग येते' (1962) हे मुळात बाप-लेकाच्या दुराव्याचे नाटक. इतिहास म्हटला की आवाज चढवायचा, या सवयीत तो दुरावा ऐकूच येत नाही. ती सवय मोडायला निवांतपणा लागतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की प्रेक्षकाशिवाय नाटक नाही आणि नट प्रेक्षकांसमोरच घडतो. जुन्या कंपन्यांचा दाखलाही दिला जातो. तिथे कुठे शिबिरे होती? पण कंपन्यांत तालीम होती. 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत गेलेले बालगंधर्व स्वतःची मंडळी काढेपर्यंत आठ वर्षे तिथे होते. कंपनी हेच विद्यालय होते. ते मोडले, आणि त्याची जागा शिबिराने घ्यावी एवढीच अपेक्षा आहे. प्रेक्षक मलाही हवाच आहे. शेवटच्या दिवशी पालकांना बोलवावे आणि चालू काम दाखवावे: एकच प्रसंग तीन जोड्यांनी तीन तऱ्हांनी करावा, स्वगत कॉलर माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवून पाहावे. त्यासाठी प्रकाशयोजना लागत नाही, नेपथ्यही लागत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो खोटा नाही. शुल्क भरणाऱ्या पालकांना आपले मूल रंगमंचावर दिसायला हवे असते, आणि ते दिसले नाही तर पुढच्या वर्षी प्रवेश घटतील, ही आयोजकांची भीती खरी आहे. पण गाण्याच्या क्लासला घातलेल्या मुलाची मैफल महिन्याभरात कुणी मागत नाही. तिथे सूर लागायला वेळ लागतो, हे पालकांना ठाऊक असते. नाटकाबद्दल ते त्यांना कुणी सांगितलेलेच नाही. हे सांगण्याचे काम आयोजकांचे आहे आणि त्याची सुरुवात पत्रकापासून होऊ शकते. प्रयोगाच्या तारखेच्या जागी रोज आवाजावर किती वेळ, वाचनावर किती, एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, हे छापावे. कालिदास कलामंदिराच्या एका दिवसासाठी राखलेल्या पैशातून एखाद्या शाळेचा वर्ग पावसाळाभर दर रविवारी घेता येईल. मे महिन्यात सुरू झालेले काम स्पर्धांच्या तालमींपर्यंत त्यात चालू राहील.